ज्याचा फोन त्याने घ्यावा

६ मे, सोमवार

रोमेल सर सेबूच्या दुसऱ्या कंपनीत गेले, जाताना दोन चांगली माणसंही घेऊन गेले, आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. पाच वर्षं मी त्याच खोलीत खिडकीशी बसत होते. आज सगळ्यांकडे तोंड करून बसले.

ही वही कंपनीनेच दिली. नव्या टीमप्रमुखांनी मनातलं लिहीत जावं, असं मनिलाच्या शिबिरात सांगितलं होतं. रोज जमेल असं वाटत नाही.

मला धरून आम्ही आता आठ जण. काम तेच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या एका संस्थेचे सव्वीस वृद्धाश्रम आहेत. कुठल्या आजीला कुठली गोळी किती वाजता द्यायची, हे तिथल्या नर्सला स्क्रीनवर दिसतं, आणि ते सॉफ्टवेअर आम्ही इथे इलोइलोत बसून सांभाळतो. काही अडलं की तक्रार येते, तिला नंबर पडतो. आम्ही त्याला तिकीट म्हणतो. पर्थचं आणि आमचं घड्याळ एकच, त्यामुळे रात्रपाळी नाही. त्या एका सुखासाठी मी दुसरीकडे कुठे गेले नाही.

सकाळी उभी राहून चार शब्द बोलायला गेले आणि "गुड मॉर्निंग" दोनदा म्हणाले. जेझ्रील म्हणाली, "मॅम, दोन सकाळी झाल्या, आता थेट जेवायलाच जाऊ या." सगळे हसले. चोवीस वर्षांची पोर, शेजारच्या आंतिके प्रांतातून आलेली, जिभेला हाड नाही. मीही हसले, पण लागलं. रोमेल सरांना ती असं बोलली नसती.

९ मे, गुरुवार

आकडे काढले. गेल्या महिन्यात जेझ्रीलने बासष्ट तिकिटं मिटवली, तोफरने पन्नास. सर्वांत खाली मानोंग नेस्तोर. अकरा.

एक्कावन्न वर्षांचा माणूस, वयाने थोरला म्हणून सगळे त्यांना मानोंग म्हणतात. बोलणं कमी, शर्टाची इस्त्री कडक. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन हळू आवाजात विचारलं, चारचौघांत अपमान नको म्हणून. "मानोंग, तिकिटं एवढी कमी का होतात?"

ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हो मॅम, होऊन जाईल."

मी परत विचारलं. तेच उत्तर, वर एक हसू. माझ्या हाताखाली काम करायचं त्यांना जड जात असणार. दुपारी त्यांनी चिठ्ठी पाठवली, चिठ्ठीच, उठून सांगायचीही तसदी नाही: मला डाव्या कोपऱ्यातली भिंतीकडची जागा मिळेल का? माझ्या नजरेआड बसायचं असेल. बघू, असं मी म्हणाले.

आणखी एक गोष्ट. या खोलीत शिस्त नाही. मानोंगांचा फोन वाजला की तोफर हात लांब करून उचलतो. जेझ्रील त्यांच्याशी बोलायच्या आधी त्यांच्या टेबलावर दोन टिचक्या मारते, शाळेतल्या बाईंसारखी. रोमेल सरांनी हे सगळं चालवून घेतलं.

१४ मे, मंगळवार

माझ्या वरच्या साहेब, मॅम कार्मिना, मनिलाहून स्क्रीनवर आल्या. पर्थशी करार जुलैत नवा व्हायचा आहे. संस्थेला खर्च कमी हवाय. "एक माणूस कमी करायचाय, वेंग. एकतीस मेपर्यंत मला नाव दे. कुणाला बोलायची गरज नाही."

"कुठल्या आधारावर देऊ?"

"आकड्यांच्या. त्यासाठीच तर ठेवतो आपण आकडे."

संध्याकाळी जोबर्टचा फोन आला, जहाज सिंगापूरला लागलंय. त्याला सगळं सांगितलं. नवरा बोटीवर असला की त्याला सगळं सांगता येतं, तो कुणाला भेटत नाही. तो म्हणाला, "आमच्याकडेही एक माणूस कमी केला होता. काम काय पाण्यात पडत नाही गं, दुसऱ्याच्या अंगावर पडतं."

मी म्हटलं, पण जो काम करतच नाही त्याचं काय? त्यावर फोन कटला. रेंज गेली असेल.

१५ मे, बुधवार

निदान आकडे खरे असावेत. माणूस काढायचा तर न्यायाने काढावा. म्हणून आज पहिला नियम केला: ज्याचा फोन त्यानेच घ्यायचा. दुसऱ्याचा फोन उचलायचा नाही, दुसऱ्याचं तिकीट आपल्या नावावर मिटवायचं नाही.

जेझ्रीलने विचारलं, "प्रत्येकाने, मॅम?"

"प्रत्येकाने."

तिने मानोंगांकडे पाहिलं, तोफरने तिच्याकडे. मग सगळे कामाला लागले. वाद नाही, चेष्टा नाही. पहिल्यांदाच वाटलं की ह्या खुर्चीत मी बसलेय.

२० मे, सोमवार

दुपारी तीनला पर्थहून मॉइराचा फोन मानोंगांना आला. मॉइरा म्हणजे सव्वीसही घरांच्या औषधांची मुख्य. सहा घरांचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करायचं होतं. ती म्हणाली, "चारच्या आधी नको." तीन ते चार दुपारच्या गोळ्यांची वेळ असते. मानोंगांनी फोन ठेवला आणि तीन वाजून दहा मिनिटांनी बंद केलं.

सहा घरांतल्या स्क्रीन काळ्या. सतरा मिनिटं. नर्सनी कागदांवरून गोळ्या दिल्या. एका आजोबांना कंपवाताची गोळी उशिरा मिळाली. मॉइरा म्हणाली की हातातला कप त्यांना धरवेना, चहा सांडला, आणि ते रडले. एवढंच. कुणाला इजा झाली नाही. पण मला तो कप डोळ्यांपुढून जात नाही.

फोनवर मी म्हटलं, "चूक आमची आहे, मी जबाबदार." ठेवल्यावर मानोंगांकडे गेले. ते उभे राहिले. चेहरा पांढरा. मी काहीबाही बोलले. सगळ्यांसमोर बोलले. वय झालं तरी चार शब्द नीट ऐकता येत नाहीत का, असंही म्हणाले. ते मान खाली घालून उभे होते. जेझ्रील उठून बाहेर निघून गेली.

मॅम कार्मिना म्हणाल्या, "चला, तुझं काम सोपं झालं."

मेल लिहिली. त्यांचं नाव लिहिलं. पाठवली नाही अजून. उद्या.

२२ मे, बुधवार

पाठवण्याआधी जोडायला म्हणून त्या फोनचं रेकॉर्डिंग काढलं. मॉइराचा आवाज बारीक, पण स्वच्छ. "चारच्या आधी नको." मानोंग म्हणतात, "चारच्या आधी, ठीक." तोवर मॉइरा दुसऱ्या कुणाशी बोलत होती. तिने ऐकलंच नाही.

तीनदा ऐकलं. मग त्यांचे जुने फोन शोधले. गेल्या वर्षभरात अवघे सहा. प्रत्येकात तेच वाक्य: कृपया लिहून पाठवाल का?

मग एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली, टिचक्या, चिठ्ठी, "होऊन जाईल".

जेझ्रीलला बाचोय खायला घेऊन गेले. नूडल्सचा वाडगा समोर आला तरी ती हात लावेना.

"मानोंगांना ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"डाव्या कानाने अजिबात नाही. उजव्याने थोडं, समोरून बोललं तर."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मी आले तेव्हापासून. सगळ्यांनाच माहीत आहे. त्यांचे फोन आम्ही घेतो, आमची किचकट तिकिटं ते सोडवतात. माझ्या बासष्टातली वीस त्यांची असतील. आमच्या नावावर मिटतात, एवढंच."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही पाच वर्षं त्याच खोलीत होतात, मॅम."

मी खिडकीकडे तोंड करून बसायचे, हे काय उत्तर झालं?

मग ती म्हणाली, "त्या दिवशी फोन वाजला तेव्हा तोफरचा हात अर्ध्यावर गेला होता. तुमचा नियम आठवला म्हणून त्याने मागे घेतला."

तिने सूप संपवलं. माझं तसंच राहिलं.

२५ मे, शनिवार

गिंबालला मानोंगांच्या घरी गेले. न सांगता गेले, हे वाईटच. बायकोने दारातच ओळखलं, चेहरा कसनुसा झाला तिचा. तिला वाटलं मी नोकरी गेल्याचं सांगायला आले.

समोर बसले, उजव्या बाजूने. सावकाश म्हणाले, "मानोंग, मी सोमवारी जे बोलले त्याची माफी मागायला आले."

त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला. मग म्हणाले, "मी अकरा वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतो. तिथे बोलायचं नसतंच, हातानेच खुणा करायच्या. पुढच्या जहाजाआधी डॉक्टरने विचारलं, कानात काही त्रास? मी खरं सांगितलं. त्या दिवशी जहाज गेलं. चाळिशीत मुलांच्या वर्गात बसून कॉम्प्युटर शिकलो, मॅम. परत खरं सांगायचं धाडस झालं नाही."

"आता सांगू या का वर?"

"नका सांगू."

"बरं."

बायको आतून एक डबी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर आपटलीच. कानाचं यंत्र. "दोन वर्षं कपाटात आहे," ती मला म्हणाली. "लावलं तर लोकांना दिसेल म्हणतात. लोकांना दिसेल, पण बायकोचं ऐकू नाही आलं तरी चालेल."

मानोंग मला म्हणाले, "हे मात्र मला ऐकू येतं."

येताना तिने पिशवीभर आंबे दिले. मी ते घ्यायच्या लायकीची नव्हते, पण घेतले.

२७ मे, सोमवार

टीमसमोर उभी राहिले. पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. इतकंच म्हणाले की नियम माझा होता, तो मी तुम्हाला न विचारता केला, त्या सतरा मिनिटांना मी कारण आहे, मानोंग नाहीत. त्यांच्यावर ओरडले ते सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. माझा आवाज मध्येच फाटला. टीमप्रमुखाचा आवाज असा फाटू नये, असं शिबिरात नक्की सांगितलं असतं.

मग विचारलं, तुम्हाला काम कसं वाटून घ्यायचंय? आधी तोफर म्हणाला, "मला फोन नकोतच मॅम, पोटात गोळा येतो." मग सगळेच बोलायला लागले. जेझ्रीलला फोन आवडतात, तिला बोलायलाच हवं असतं. लिओनोराला, जी कधी बोलत नाही, नर्सना सॉफ्टवेअर शिकवायचंय, आणि हे तिने रोमेल सरांना दोनदा सांगितलं होतं. मानोंगांनी पुढे होऊन फळ्यावर लिहिलं: पर्थचा प्रत्येक हुकूम लिहून यावा, आपण तो परत लिहून पाठवावा, त्यांचं "हो" आल्यावरच हात लावावा.

"आणि आकडे सगळ्यांचे मिळून एकच," मी म्हटलं.

जेझ्रील म्हणाली, "मग मी पहिली आहे हे कसं कळणार?"

"तू सांगशीलच की," मानोंग म्हणाले. त्यांनी ते ऐकलं होतं. ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती.

भिंतीकडची जागा त्यांना दिली. तिथून डाव्या बाजूला भिंत आणि उजव्या बाजूला माणसं. इतकं साधं होतं.

३१ मे, शुक्रवार

मॅम कार्मिनांना मेल पाठवली. नाव नाही. कुठलं अवघड तिकीट प्रत्यक्षात कुणी सोडवलं, ते आठही जणांनी बसून काढलं होतं, ते जोडलं. मानोंगांची अठ्ठावन्न निघाली. कानाबद्दल एक अक्षर नाही.

पाच मिनिटांत फोन. "मी नाव मागितलं होतं वेंग, निबंध नाही."

"आठांतला कुणी जास्तीचा नाही, मॅम."

"मलाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचंय." त्या थकलेल्या वाटल्या. "करार होईपर्यंत थांबते. पण तेव्हाही नाव नसेल, तर मी तुझं लिहीन."

हे टीमला सांगितलं नाही. बसमध्ये मात्र विचार आला. मोठेपणा करायला मी कोण? जोबर्टला विचारलं, मूर्खपणा केला का? तो म्हणाला, "केलास तर केलास. मी आहे ना कमावता." मग म्हणाला, "माझा बोसन असा असता तर बरं झालं असतं." बोसन म्हणजे त्यांचा मुकादम. मला वाटतं तो मला बरं वाटावं म्हणून बोलला.

१४ जून, शुक्रवार

पर्थबरोबर बैठक. मॉइराने विचारलं, हे सगळं लिहून घ्यायचं अचानक का सुरू केलंत? नर्स कुरकुरतात, वेळ जातो म्हणून. मी म्हणायला सुरुवात केली की चुका टाळण्यासाठी वगैरे. तेवढ्यात मानोंग उठले आणि स्क्रीनसमोर येऊन उभे राहिले. कानात यंत्र होतं. मी पाहिलंच नव्हतं, सकाळपासून ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "मला कमी ऐकू येतं. त्या दिवशी तुमचं 'नको' मला ऐकू आलं नाही. ते तुम्हाला सांगायला हवं होतं."

मॅम कार्मिनाही बैठकीत होत्या.

मॉइराने चष्मा काढला. "माझ्या सव्वीस घरांत नऊशे माणसं राहतात," ती म्हणाली. "निम्म्यांना ऐकू येत नाही. आम्ही त्यांच्याशी समोर बसून, सावकाश बोलतो, आणि बोललेलं त्यांच्याकडून परत म्हणवून घेतो. इथे तुमच्याशी तसं बोलायचं मला सुचलं नाही." मग म्हणाली, "लिहायचं चालू ठेवा. नर्सना मी बघते."

मानोंग जाग्यावर जाऊन बसले. जेझ्रीलने त्यांच्या टेबलावर टिचकी मारायला हात उचलला आणि न मारताच म्हणाली, "मानोंग."

ते वळले.

"काही नाही. बघत होते."

"इंदाय," ते लेकीला हाक मारावी तसे म्हणाले, "ह्या एसीचा आवाज नेहमीच एवढा असतो?"

१ जुलै, सोमवार

तोफरने राजीनामा दिला. सिंगापूरला बहिणीकडे जातोय, ऑगस्टमध्ये. फॉर्म मार्चमध्येच भरला होता म्हणे. मला वाटलं होतं तो राहील, आता तर त्याला फोनही घ्यावे लागत नाहीत. मी विचारलं, आमचं काही चुकलं का? तो म्हणाला, "नाही मॅम. उलट आता जायला वाईट वाटतंय. आधी वाटत नव्हतं."

मॅम कार्मिना म्हणाल्या, "घे, झालं तुझं. एक माणूस कमी." मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. एका माणसाचं जाणं दुसऱ्याला आधार झालं, ह्यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

त्याचं काम सात जणांच्या अंगावर पडणार आहे. जोबर्ट म्हणाला होता तसंच. उद्या बसून वाटून घेऊ.

१२ जुलै, शुक्रवार

करार झाला. दोन वर्षांचा. मॉइराने अट घातली की माणसं हीच हवीत, आणि लिओनोराने महिन्यातून एकदा तिच्या नव्या नर्सना शिकवावं. लिओनोरा स्वच्छतागृहात जाऊन रडली आणि परत येऊन काहीच झालं नाही अशी बसली.

मॅम कार्मिना म्हणतात की मी मनिलाला जाऊन बाकीच्या टीमप्रमुखांना सांगावं, हे कसं केलं. काय सांगू? आधी सगळं बिघडवलं, मग विचारलं? मानोंग म्हणाले, "तेच सांगा." जेझ्रील म्हणाली, "फक्त गुड मॉर्निंग एकदाच म्हणा."

आता ती अशी बोलते तेव्हा लागत नाही. का, ते माहीत नाही. तीच जीभ आहे.

१९ जुलै, शुक्रवार

तीन दिवस ताप. डेंग्यू नाही निघाला, पण उठवत नाही. आज सव्वीसही घरांत नवी आवृत्ती बसवायची होती, महिन्यातला सर्वांत अवघड दिवस. सकाळी कपडे घालून दारापर्यंत गेले, चक्कर आली, परत येऊन पडले.

जेझ्रीलला कळवलं, अकराला घरूनच जोडून घेते, वाट बघा. तिचं उत्तर आलं: येऊ नका, आम्ही आहोत.

अकरा वाजले. साडेअकरा. कुणी काही विचारलं नाही. बारा वाजता मीच विचारलं, सगळं ठीक? "हो." एवढंच. सांगायला हरकत नाही, मला वाईट वाटलं. अडीच महिने मर मर करून मी ह्या लोकांना इतकीसुद्धा लागत नाही. मॅम कार्मिनांना हे कळलं तर पुढच्या वेळी कुणाचं नाव लिहायचं हे त्यांना शोधावंही लागणार नाही.

दोनच्या सुमाराला फोन वाजला. बघितलं, मानोंग. त्यांचा फोन आजवर कधी आला नव्हता.

मी घाबरूनच उचलला. दोन महिने ओरडून बोलायची सवय झालेली, तशीच ओरडले, "मानोंग? काय झालं? काय बंद पडलं?"

"हळू बोला मॅम," ते म्हणाले. "ऐकू येतंय मला."

मग म्हणाले की सगळी घरं चालू आहेत, गोळ्या वेळेवर गेल्या, एका घरी अडलं होतं ते लिओनोराने नर्सकडून करून घेतलं. टीममधले सगळे जेवले. तुमचा ताप किती आहे? आणि तांदळाची पेज घेतली का? घ्या, आलं घालून.

मी हो म्हटलं. ते बराच वेळ बोलत राहिले, एसीबद्दल, बायकोबद्दल, ऐकू येत नाही म्हणून जेझ्रील दोन वर्षं त्यांच्या तोंडावर काय काय बोलत होती ते आता कळलं, त्याबद्दल. मी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच कधीतरी झोप लागली असावी. जागी झाले तेव्हा चार वाजले होते, घाम येऊन अंग हलकं झालं होतं, आणि फोन त्यांनी ठेवलेला होता.

आता पेज करते.